‘सार्वजनिक’ वगळून

लिफ्टमध्ये तिने चौथ्या मजल्याचे बटण दाबले होते आणि तरीही ती तिसऱ्यावर उतरली. उतरण्यासारखे काही घडले नव्हते. पाठीमागे दोन मुली उभ्या होत्या. पहिल्या वर्षाच्या असाव्यात, कारण प्राध्यापिका समोर दिसली की विद्यार्थ्यांचा आवाज आपोआप खाली येतो तसा त्यांचा आला नव्हता. त्यांतली एक फोनवर सांगत होती, “छे गं, घरी मी सार्वजनिक आरोग्य म्हणतच नाही. हेल्थ लीडरशिप म्हणते. तसंही बदलणारच आहे ना नाव. बदलू देत, आपलं काय जातंय. वस्तीत जायला मिळतंय तोवर मजा आहे.” दुसरी हसली. दार उघडले, आणि आपण बाहेर पडलो आहोत हे तिला दार मिटल्यावर कळले. समोर दंतवैद्यकाचा मजला होता. लवंगेच्या तेलाचा वास, कुठल्याशा बंद दारामागे ड्रिलची बारीक, चिवट किणकिण आणि भिंतीलगतच्या बाकावर गालाला रुमाल लावून बसलेला एक माणूस. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, समजल्यासारखी मान हलवली आणि सरकून जागा करून दिली. नाही म्हणणे अधिक कठीण होते, म्हणून ती बसली.

अभ्यासमंडळाच्या बैठकीला अजून अवकाश होता. तिने फाइल मांडीवर ठेवली आणि आपल्याला नेमके काय लागले ते सवयीप्रमाणे वेगळे काढायला घेतले. एका लक्षणामागे चार कारणे संभवत असतील तर एकेक बाजूला ठेवत जायचे. उरते ते कारण, किंवा निदान संशयित. मुलगी घरी खोटे सांगत होती, हे नव्हे. घरी सगळेच खोटे सांगतात; तिने स्वतः वडिलांना आपण ‘डॉक्टरकीच्या जवळचे काहीतरी’ शिकतो आहोत असे सांगितले होते आणि ते शेवटपर्यंत त्या जवळपणावर समाधानी होते. नवे नाव भपकेबाज होते, हेही नव्हे. ‘आरोग्य-नेतृत्व व स्वास्थ्य-व्यवस्थापन’ हे शब्द मसुद्यात पहिल्यांदा वाचले तेव्हा परक्या माणसाचा कोट अंगावर चढवल्यासारखे वाटले होते, खांद्यात ऐसपैस आणि बाह्यांत आखूड. पण ती चीड आता जुनी झाली होती, आणि जुन्या चिडीने माणूस चुकीच्या मजल्यावर उतरत नाही. मग ‘तसंही’. हो, बहुधा तेच. जिच्यासाठी तिची झोप उडाली होती ती गोष्ट त्या मुलीच्या तोंडी ‘तसंही’ होती. तरी एवढ्याने समाधान होईना. काहीतरी उरत होते. त्या वाक्याचा आणखी कुठला तरी भाग कानात शिरून अडकला होता आणि नीट ऐकू येत नव्हता. दातांच्या फटीत तंतू अडकला की जीभ तिथे पुन्हा पुन्हा जाते आणि हाती काही लागत नाही, तसे.

वाद अधिष्ठात्याने सुरू केला होता. पण त्याला वाद म्हणणे तिला शास्त्रशुद्ध वाटत नसे, कारण दुसऱ्या बाजूला ती एकटीच होती. अधिष्ठाता तिचाच विद्यार्थी. हसतमुख, घाईतला, कुणाच्याही खोलीत शिरताना आधी डोके आणि मग दिलगिरी आत घालणारा. “मॅडम, जागा रिकाम्या राहतात हो,” तो म्हणाला होता. “मी भावनेचं बोलत नाहीये. वर्ग बघा ना. मागच्या रांगांत पोरं आडवी झोपतात, इतकी ऐसपैस जागा आहे. हे असंच चाललं तर पदवीचं नाव काय ठेवायचं हा प्रश्नच राहणार नाही, पदवीच राहणार नाही.” म्हणून नाव बदलायचे, आणि नावाबरोबर पहिले सत्रही. पहिल्या सत्रात आजवर विद्यार्थी वर्गात बसतच नसत. शहराच्या कडेला असलेल्या एका वस्तीत जात आणि तिथेच शिकत. त्याजागी आता नेतृत्वाच्या कार्यशाळा आणि संगणकाच्या पडद्यावर आलेख सरकवून दाखवण्याचे शिक्षण येणार होते. सगळे एकाच ठरावात, एका दमात. आधाराला पाहणी होती. माजी विद्यार्थ्यांना ईमेलवर प्रश्न पाठवला होता आणि शंभरात नव्वदांनी संमती दिली होती. नव्वदचा आकडा हिरव्या वर्तुळात गोल फिरत पडद्यावर आला तेव्हा मंडळातल्या लोकांनी टेबलावर बोटांनी टकटक करून आनंद व्यक्त केला, आणि तिने हात वर केला. “नव्वद टक्के कुणाचे?”

“झालं. छेदबाई,” कुणीतरी पुटपुटले आणि हशा पिकला. हे नाव तिला विद्यार्थ्यांनी दिले होते आणि एक तुकडी ते पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करून जात असे. कुणीही टक्केवारी उच्चारली की ती वरच्या आकड्याकडे बघत नसे, छेद विचारी: कितींपैकी? कोण ते? आणि जे आलेच नाहीत त्यांचं काय? “ज्यांचे पत्ते आपल्याकडं आहेत त्यांना तुम्ही विचारलंत,” ती म्हणाली. “पत्ते कुणाचे आहेत? जे कचेरीत बसतात, मेळाव्याला येतात आणि नंतर फोटो पाठवतात त्यांचे. जे लशी आणि पाणी बघत उन्हातान्हात फिरतायत ते यात नाहीतच. त्यांना विचारा, मग टकटक करा.” अधिष्ठाता हसला, त्या हसण्यात राग नव्हता, जुन्या वर्गात परत आल्याची मौज होती. “तुम्हीच विचारा की, मॅडम. तुमच्या पद्धतीनं. आम्ही थांबतो.”

तिची पद्धत सगळ्यांना पाठ होती: आधी निकष, मग मोजणी. काय निघाले म्हणजे आपण काय मान्य करणार ते मोजण्यापूर्वी सर्वांसमक्ष लिहून ठेवायचे, म्हणजे मोजून झाल्यावर मन इकडेतिकडे पळत नाही. ती उठून फळ्याकडे गेली. खडूला हात लावण्याची काही गरज नव्हती, तोंडी सांगितले असते तरी चालले असते. पण आपण बरोबर आहोत याची तिला खात्री होती आणि खात्री असलेला माणूस फळ्याकडे जातो. आजवरच्या सगळ्या पदवीधरांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसा नमुना निवडीन, तिने लिहिले, प्रत्येकाला गाठीन, निम्म्याहून अधिकांनी संमती दिली तर ठरावाला अनुमोदन मी स्वतः देईन. आणि दोन्ही पाहण्यांची तुलना करता यावी म्हणून प्रश्न तोच ठेवीन, अधिष्ठात्यांनी विचारलेला, एक शब्दही न हलवता. या शेवटच्या अटीचे तिला विशेष कौतुक वाटले होते. अशी अट स्वतःवर घालून घेणारे लोक कमी असतात, असे काहीतरी तिच्या मनात येऊन गेले होते. खडूची भुकटी बोटांवरून झटकताना तिला थोरल्या सरांची आठवण झाली होती, आणि ती त्या क्षणी सुखाची होती.

थोरले सर म्हणजे ज्यांनी हा विभाग उभा केला ते. त्यांच्या हाताखाली ती वस्तीत पहिल्यांदा गेली तेव्हा पदवीला हेच नाव होते आणि ते उच्चारताना छातीत थोडी हवा भरत असे. सरांचा नियम असा की पहिल्या आठवड्यात कुणाला काही विचारायचे नाही. प्रश्नावली नाही, ‘तुम्हाला काय त्रास होतो’ नाही. पाणी जाते तिकडे जायचे, एवढेच. टाकीपासून नळापर्यंत, नळापासून बादलीपर्यंत, बादलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून नाल्यापर्यंत. “माणसं खोटं बोलतात असं नाही,” सर म्हणत, “आपण चुकीचं विचारतो. म्हणून आधी गप्प राहायला शिका.” ती वाकून, पाइपावर तळहात टेकवून, भिंतीच्या कडेकडेने सरकत होती. लोखंड गार होते आणि आत काहीतरी मंद घुमत होते. दारात कपडे धूत बसलेली एक बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “काय हरवलंय गं? पाणी शोधतेस का नवरा?” “पाणी,” ती म्हणाली. “मग बरंय. ते तरी सकाळी घरी येतं.” सगळी गल्ली हसली. हसता हसता तिचा हात पुढे सरकला आणि एका वळणावर, नाल्याच्या अगदी अंगाला, ती घुमणी बदलली. सैल झाली. तिथली माती ओली आणि मऊ होती, आणि हात नाकाशी नेला तेव्हा तिला काही विचारण्याची गरज उरली नाही. त्या वळणापुढच्या घरांतली पोरे सतत जुलाबांनी आजारी असत, हे नंतर मोजून सिद्ध झाले. तळहाताला काही कळते असा तिचा दावा नव्हता. असले दावे करणाऱ्यांना तिने पुढे आयुष्यभर नापास केले. पण एखादा तक्ता समोर आला आणि त्यात कुठे काही पाझरत असले की तिचा उजवा हात आधी गार पडे, ही वस्तुस्थिती होती, आणि तिचे कारण तिने कधी शोधले नव्हते.

पाहणी तिने फोनवर केली, दुपारच्या वेळी, आपल्या खोलीत दार लावून. नमुना काढला, नंबर शोधले, बदललेले नंबर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, जुन्या मैत्रिणींकडून मिळवले. कुणी सुटू द्यायचे नाही. सुटलेल्यांतच सत्य दडलेले असते अशी तिची श्रद्धा होती, श्रद्धा हा शब्द तिला चालत नसे तरी. पहिलाच फोन विम्याच्या कंपनीत काम करणाऱ्या एकाला लागला. तिने प्रश्न वाचला. “बदला, मॅडम, बदला,” तो खदखदून हसत म्हणाला, “माझ्या कार्डावर मी केव्हाच बदललंय. तुम्हीच मागं राहिलात.” हा कचेरीतला, तिने स्वतःला समजावले. पण मग एका लहान गावातल्या पाणीखात्यात काम करणारी बाई लागली, म्हणजे हक्काची, आपल्या बाजूची. “हो, संमती लिहा,” ती म्हणाली. “काय सांगू मॅडम, सार्वजनिक म्हटलं की लोक विचारतात, बाई, संडासाची किल्ली तुमच्याकडं असते का? सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, सून नगरपालिकेत झाडलोट बघते म्हणून.” तिने खूण केली. बाई बोलतच राहिली: परवा इथं उलट्या-जुलाबांची साथ आली, साहेब औषधांची मागणी लिहीत बसले आणि ती आपली पाइपावर हात ठेवत निघाली, साहेब म्हणाले, हिला वेड लागलं, आणि शाळेच्या मागं सापडली हो गळती. वस्तीत शिकवलंत ना ते, म्हणून. “बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला, कारण हे प्रश्नात नव्हते. पुढेही तसेच होत गेले. लोक संमती देत आणि मग थांबत नसत. कुणाला तो नाला आठवे, कुणाला ती कपडे धुणारी बाई, म्हणजे तिची नसेल, पण तशीच कुणीतरी; कुणी म्हणे, नोकरीत पहिल्यांदा शहाण्यासारखा वागलो तो त्या सत्रामुळं. ती ऐकून घेई आणि टिपत नसे. न विचारलेल्या गोष्टी पुराव्यात धरायच्या नसतात. एका मुलाने प्रबंधात ‘बोलता बोलता कळले’ असे लिहिले होते तेव्हा तिने समासात लाल शाईने विचारले होते: कुणी कुणाशी बोलता बोलता?

नमुन्यात तिची भाचीही निघाली. चिठ्ठीला नातेगोते नसते, त्यामुळे वगळता येईना. “आत्या? तू? आणि फोनवर?” भाची म्हणाली. “रविवारी तर जेवायला येणार आहेस ना.”

“हे कामाचं आहे. एक प्रश्न विचारायचाय.”

“विचार. पण सरळ विचार हं, तुझ्यासारखा नको.”

तिने प्रश्न सरळ, म्हणजे होता तसा वाचला. या मुलीला या पदवीला तिनेच घातले होते. दादाची इच्छा नव्हती. दादा म्हणाला होता, “तुझ्या नादाला लावू नकोस तिला, तुला शोभतं ते तिला शोभेलच असं नाही,” आणि तिने जेवणाच्या टेबलावर दादाला पाणी आणि मृत्युदर यांच्यावर व्याख्यान दिले होते. “हो,” भाची म्हणाली. “हो लिही. सगळीकडं मुलाखतीला गेले की तेच. कागद उलटा करून बघतात आणि म्हणतात, आम्हाला मॅनेजर हवाय, तुमचं हे सरकारी दवाखान्यातलं दिसतंय. मी काय उत्तर देऊ? तुझं छेदाचं भाषण देऊ?” मग आवाज उतरला. “आत्या, हे तुझ्यावर नाहीये.” “मी मोजतेय फक्त,” ती म्हणाली. आणि भाची पुढे आणखी काही बोलू पाहत होती, श्वास घेतल्याचा आवाज आला होता, तेव्हा तिने “रविवारी बोलू” म्हणून फोन ठेवून दिला. रविवारी ती जेवायला गेली आणि दोघींनी या विषयाला हात लावला नाही.

निम्म्याहून अधिक. निम्म्याहून बरेच अधिक. अधिष्ठात्याच्या नव्वदच्या इतके जवळ की त्याची ढिसाळ पाहणी आणि तिची काटेकोर पाहणी शेजारी ठेवली तर कुणी विचारले असते, मग एवढा खटाटोप कशाला? काल संध्याकाळी तिने आकडे पुन्हा मांडले, पुन्हा बेरीज केली. लपवण्याच्या सगळ्या वाटा तिला ठाऊक होत्या, कारण इतरांना त्या वाटांवर पकडणे हेच तिचे काम होते. नमुना लहान आहे म्हणता आले असते. तरुण आणि जुने वेगळे काढून जुन्यांत कल कमी दिसतो म्हणता आले असते. काही जणांचे ‘हो’ हे तिला बरे वाटावे म्हणून आलेले ‘हो’ आहे असेही म्हणता आले असते, फक्त तिला कशाने बरे वाटते हे सगळ्यांना माहीत होते आणि ते याच्या उलट होते. आज सकाळी नवऱ्याने तिच्याकडे न बघता वर्तमानपत्राची घडी घातली. “हरलीस?” नवरा पुलांचे आराखडे तपासत असे आणि त्याच्या मते जगात दोनच स्थिती होत्या, उभे आणि पडलेले. “निष्कर्ष अपेक्षेच्या विरुद्ध आला,” ती म्हणाली. “म्हणजे हरलीस.” “पूल पडला की तुम्ही तरी काय म्हणता?” “आम्ही म्हणतो, कुठल्या गाढवानं तपासला होता?” तो म्हणाला, आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला. त्याच्या परीने ते सांत्वन होते.

“कुठला दात?” दार उघडून परिचारिकेने विचारले. बाकावरचा माणूस उठला आणि गालावरचा रुमाल बाजूला करून बोट आत घालत म्हणाला, “हा खालचा दुखतोय. आणि हा वरचा, नुसता हलतोय.” “मग काढायचा कुठला?” “म्हणजे, हा तर… आणि तो पण बघितला असता…” “हे बघा, एकेक बोला,” परिचारिका म्हणाली. “नाहीतर तुम्ही हो म्हणाल आणि डॉक्टर दोन्ही काढून हातात देतील.” माणूस दचकून आत गेला. दार लागले. ती हसली, आणि हसू ओठांवर असतानाच उजवा हात गार पडला. बदलू देत, आपलं काय जातंय. वस्तीत जायला मिळतंय तोवर मजा आहे. मुलीने एका दमात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या, एक हो आणि एक नको, आणि त्या तिच्या तोंडात कुठेही एकमेकींना अडल्या नव्हत्या. तिने फाइल उघडली. ‘पदवीचे नाव व अभ्यासरचना कालानुरूप करण्यास आपली संमती आहे का?’ कितीदा मोठ्याने वाचला होता हा प्रश्न तिने, फोनच्या तोंडाशी, सावकाश, प्रत्येक शब्द समान वजनाने. प्रश्न एक नव्हता. दोन होते. त्याला ती वर्गात दुतोंडी प्रश्न म्हणत असे आणि तो तिचा पहिल्या दिवसाचा पहिला धडा होता. ‘तुम्ही सिगारेट व दारू सोडली आहे का?’ असे ती फळ्यावर लिही, ज्याने एकच सोडली आहे त्याने काय सांगावे, असे विचारी, पोरे हसत आणि मग जन्मभर विसरत नसत. बाकी कुणी विसरले नव्हते. ती विसरली होती. कुणाला विचारले याचा तिने इतका काटेकोर हिशेब ठेवला होता की काय विचारले याकडे तिचे लक्षच गेले नाही. आणि शब्द न हलवण्याचा तो अभिमान! पहिल्या वर्षाच्या मुलाने असे केले असते तर तिने शांतपणे शून्य दिले असते. सगळे ‘हो’ आता तिच्या मांडीवर पडले होते आणि त्यांतला एकही कशाला दिलेला आहे हे सांगता येत नव्हते. अधिष्ठात्याचेही नाही, तिचेही नाही. त्या सगळ्यांनी स्वतःहून, न विचारता, उरलेले उत्तर देण्याचा प्रयत्न केला होता, आणि तिने प्रत्येकाला ‘बरं’ म्हणून गप्प केले होते. गप्प राहायला शिका, सर म्हणत. तिने लोकांना गप्प करायला शिकून घेतले होते.

जिना चढताना तिला कळत होते की सत्य सांगणे आता नेमके पळवाटेसारखे दिसणार. मोजणी विरुद्ध गेली म्हणून प्रश्नात खोट काढणे: हे ती इतरांच्या बाबतीत ज्या आवाजात म्हणत असे तो आवाज तिला आधीच ऐकू येत होता. बैठकीत वाहनतळावरच्या पिवळ्या पट्ट्यांचा विषय आधी संपला, मग तिचा आला. ती उभी राहिली आणि आकडे वाचले. टकटक झाली नाही. लोकांनी तिच्या मानासाठी बोटे आवरून धरली, आणि ते टकटकीपेक्षा वाईट होते. “फळ्यावर लिहिल्याप्रमाणे,” ती म्हणाली, “ठरावाला माझं अनुमोदन आहे.” आणि न बसता पुढे म्हणाली, “आता दुसरी गोष्ट. प्रश्न चुकलेला होता. आधी तुमचा, मग माझा. नाव आणि पहिलं सत्र या दोन गोष्टी आहेत आणि आपण त्यांना एकच उत्तर मागितलं. लोकांना नाव नकोय, हे मी आता मानते. वस्ती नकोय असं कुणीही म्हटलेलं नाही. ठराव दोन करा.”

टेबलाच्या टोकाकडून, प्रेमानेच, आवाज आला, “छेद संपला, आता प्रश्न?” आणि हशा झाला, थकलेला, जेवणाच्या वेळेचा. अधिष्ठाता हसला नाही. तो समोरचा मसुदा वाचत होता. त्याचे बोट त्या वाक्यावर थांबलेले तिला दिसले, आणि त्याला समजले आहे हेही दिसले. तो तिचा चांगला विद्यार्थी होता. “मॅडम,” तो शेवटी म्हणाला, “मोजून झाल्यावर नियम बदलायचा नाही. मी एकदा बदलला होता. तुम्ही मला नापास केलं होतं.”

“बरोबर केलं होतं,” ती म्हणाली.

“मग आज मी काय करू?”

याचे उत्तर तिने स्वतःच फळ्यावर लिहिले होते. ठराव अखंड मंजूर झाला, तिच्या अनुमोदनासह, आणि इतिवृत्तात तसे नोंदले गेले. सगळे उठले. बाहेरच्या बोळात अधिष्ठात्याने तिला गाठले आणि दोघे खिडकीपाशी खाली बघत उभे राहिले. खाली एक माणूस वाहनतळाच्या जमिनीवर दोरी ताणत होता. “नाव बदललं नसतं तर पुढच्या वर्षी शिकवायला वर्ग नसता, मॅडम,” तो म्हणाला. “आणि तेही मीच केलं असं तुम्ही म्हणाला असता.” “म्हणाले असते,” ती म्हणाली. तो निघण्यासाठी वळला. “नियमात मंजूर ठरावाच्या फेरविचाराची सोय आहे तशी. आजवर कुणी वापरलेली नाही.” आणि ती काही बोलायच्या आत, आधी डोके आणि मग दिलगिरी पुढे घालत, समोरच्या खोलीत शिरला.

ती आपल्या खोलीत आली. दुपारचे ऊन टेबलावर तिरपे पडले होते आणि त्यात धूळ स्पष्ट दिसत होती. तिला संताप येत होता, आणि तो कुणाचा हे ठरवता येत नव्हते, आणि ते ठरवता येत नाही याचाही येत होता. नाव गेले. त्याचे तिला वाटले होते तितके दुःख झाले नाही. एवढी वर्षे आपण दाराची पाटी राखत बसलो आणि तोवर मागच्या भिंतीतून पाणी गेले, असे काहीसे वाटले, आणि ही उपमा तपासून पाहण्याचेही त्राण नव्हते. तिने कोरा कागद घेतला आणि वर एक प्रश्न लिहिला. मग खाली बरीच जागा सोडून दुसरा. दोन्ही वाचले, प्रत्येकात एकच गोष्ट होती. निकष काय, हे तिने नेहमीप्रमाणे आधी लिहायला घेतले, आणि पहिल्यांदाच, काय निघाले तर आपण काय करू हे तिला माहीत नव्हते. ती जागा मोकळी सोडून तिने फोन उचलला. सुरुवात विमावाल्यापासून करायला हवी होती, क्रमाने. तिने क्रम मोडला.

“आत्या?” भाची म्हणाली. मागे नळाखाली भांडे भरत असल्याचा आवाज येत होता. “बैठक झाली ना? काय झालं?”

“मंजूर झालं. मीच अनुमोदन दिलं.”

“अरे देवा.” भांडे भरून वाहू लागले, भाचीने नळ बंद केला. “मग आता?”

“मागच्या वेळी प्रश्न चुकीचा विचारला होता. आता दोन विचारते. सुटे सुटे.”

“पण ठराव झाला ना? आता विचारून काय उपयोग?”

“ते नंतर बघू. पहिला. पदवीचं नाव बदलावं का?”

“सांगितलं की. हो.”

तिने लिहिले. “दुसरा. वस्तीतलं सत्र काढून टाकावं का?”

पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला, तोच, मागच्या वेळी अर्धवट तोडलेला. या वेळी ती थांबली. कान फोनला घट्ट लावून, काही न विचारता, थांबून राहिली.

“वेड लागलंय का तुला?” भाची म्हणाली. “तेवढं एकच तर मी खरं शिकलेय. मी त्या दिवशी हेच सांगत होते, तू फोन आपटलास. कोण काढतंय ते? तू काढू दिलंस?”

“हो की नाही,” ती म्हणाली. तिने पेन दुसऱ्या प्रश्नाखाली टेकवले. “त्यातलं एक सांग. बाकीचंही सांग. मी टिपून घेतेय.”